नवं पिस्तूल किती टिकतं आणि त्यात कोणती काडतुसं घालावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमबाजीच्या रेंजवर लोकांची पिस्तुलं उघडून, पुसून, तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. नवं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेऊन येणारा माणूस पहिल्या दिवशी दोनच गोष्टी विचारतो. हे टिकेल का? आणि यात घालू काय? हे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत, हे त्याला साधारण वर्षभरानं कळतं. खालची बहुतेक उदाहरणं ९ मिमीची (म्हणजे साधारण तेवढ्या जाडीची गोळी झाडणाऱ्या पिस्तुलांची) आहेत, कारण विचारणाऱ्यांच्या हातात बहुधा तेच असतं. पिस्तूल तपासायला घ्याल तेव्हा आधी मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये चढतं आणि पिस्तूल रिकामं केल्याचा नुसता भास होतो.

किती गोळ्या झाडल्यावर पिस्तूल 'संपतं'?

असा एक आकडा नसतो. पिस्तूल म्हणजे वेगवेगळ्या आयुष्याचे भाग एकत्र ठेवलेली पेटी. चांगल्या बनावटीच्या ९ मिमी पिस्तुलाची नळी हजारो नव्हे, दहा-दहा हजारांच्या हिशेबात टिकते. रायफलवाले नळी जळण्याबद्दल बोलतात ते ऐकून पिस्तूलवाल्यानं घाबरू नये. ९ मिमीच्या काडतुसात साधारण ४ ते ६ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) दारू असते, ५.५६ मिमी रायफलच्या काडतुसात २५ ग्रेनच्या आसपास. दाबही बराच कमी. त्यामुळे सर्वसाधारण हौशी माणसाच्या हयातीत नळी झिजून बदलावी लागली असं क्वचितच होतं.

१९११ सालच्या मार्चमध्ये अमेरिकन सैन्यानं निवडीसाठी घेतलेल्या चाचणीत जॉन ब्राउनिंगनं रचलेल्या कोल्ट कंपनीच्या पिस्तुलानं दोन दिवसांत ६,००० गोळ्या न अडखळता झाडल्या. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच चाचणीत दर १०० गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ दिलं जात होतं आणि दर १,००० गोळ्यांनंतर साफ करून तेल दिलं जात होतं, हा भाग मात्र सांगताना गळतो.

मग आधी काय जातं?

रिकॉइल स्प्रिंग. जवळजवळ नेहमीच.

गोळी सुटली की स्लाइड मागे येते. तो जोर पिऊन घेणं आणि मग स्लाइडला पुढे ढकलून नवं काडतूस चेंबरमध्ये बसवणं, ही दोन्ही कामं या एका स्प्रिंगची. ती थकली की स्लाइड दर वेळी फ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) थोडी जास्त जोरात आदळू लागते. एका गोळीत फरक कळत नाही, दोन-तीन हजारांत कळतो. फ्रेमच्या ज्या जागी स्लाइड येऊन थांबते तिथे धातू चेपायला लागतो, पिना सैल होतात, कधी तडा जातो. किमतीनं पिस्तुलातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यानं जातो तो सर्वांत महाग भाग.

पूर्ण आकाराच्या ९ मिमी पिस्तुलात ३,००० ते ५,००० गोळ्यांनंतर स्प्रिंग बदलावी, असा रूढ हिशेब आहे. लहान, आखूड पिस्तुलांत स्लाइड हलकी, जागा कमी आणि स्प्रिंग जास्त दाबली जाते, म्हणून तिथे हा आकडा अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचंच ऐका.

ओळखायचं कसं? दोन खुणा सांगतो. रिकाम्या पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरलेली काडतुसाची नळकांडी) पूर्वी दोन-तीन पावलांवर पडायच्या, त्या आता पाच-सहा पावलांवर जाऊन पडतात. आणि स्लाइड कधीकधी शेवटचा केसभर पुढे जात नाही, अंगठ्यानं ढकलावी लागते. खात्री करायची असेल तर जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी टेबलावर उभी ठेवा. जुनी थोडी आखूड असणारच, कारण नवी स्प्रिंग पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत थोडी बसतेच. पण दोन-तीन वेटोळ्यांइतकी आखूड दिसली, किंवा उभी ठेवल्यावर एका बाजूला कलली, तर पुन्हा आत घालू नका.

मग जास्त कडक स्प्रिंग घातली तर पिस्तूल जास्त टिकेल ना?

नाही. मागचा मार कमी होईल, पण पुढचा वाढेल: स्लाइड पुढे येताना नळीवर आणि स्लाइड-स्टॉपवर (स्लाइड अडवून धरणाऱ्या खिटीवर) जास्त जोरात आपटेल, आणि नळीचं तोंड खाली झुकेल. हलक्या काडतुसांवर स्लाइड पूर्ण मागे जाणार नाही आणि पुंगळी दारातच अडकून उभी राहील. कारखान्यानं दिलेलीच ताकद ठेवा, वेळेवर बदला. यापलीकडे त्यात काही गुपित नाही.

फ्रेम प्लास्टिकची आहे. ती टिकते का?

ती पॉलिमरची आहे, आणि टिकते. हा प्रश्न १९७० साली हेकलर अँड कॉखचं व्हीपी ७० आलं तेव्हा नवा होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ग्लॉक १७ स्वीकारलं, तेव्हाही लोक नाक मुरडत होते. आता तो जुना झाला. स्लाइड, नळी आणि स्लाइड ज्यावर सरकते ते रुळाचे तुकडे पोलादाचेच असतात. पॉलिमर धक्का बसताना किंचित लवतं आणि परत येतं, हा त्याचा गुणच आहे.

खरी काळजी ॲल्युमिनियमच्या फ्रेमची घ्यावी लागते. तिच्यावर ॲनोडायझिंगचा कडक पातळ थर असतो. रुळांवरचा तो थर उडाला आणि खालचा पांढरा मऊ धातू दिसू लागला की झीज वेगानं होते. अशा फ्रेमला तेल-ग्रीसची कंजुषी परवडत नाही.

झिजेच्या कोणत्या खुणा चालतात, कोणत्या चालत नाहीत?

नळीवर, तोंडाजवळ आणि चेंबरच्या माथ्यावर चकचकीत पट्टा दिसला तर घाबरू नका. रंग गेला, धातू नाही. नळीच्या वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखी चमकदार रेघ उमटते, तीही बहुतेक पिस्तुलांत नेहमीचीच. रुळांवर रेघा दिसल्या आणि नखाला लागल्या नाहीत, तर तेही ठीक.

चालत नाही तो तडा. पुंगळ्या बाहेर पडण्याच्या खिडकीचे कोपरे, स्लाइड-स्टॉपच्या भोकाभोवतीची जागा, नळी जिथे खाली टेकते तो भाग, हे सगळं दर हजार गोळ्यांनी उजेडात, पुसून, तिरकं धरून बघा. तड्यात काळं तेल शिरतं आणि केसासारखी रेघ दिसते. रेघ पुसली गेली तर ती काजळी, नाही गेली तर पिस्तूल बंद करून कारागिराकडे.

हे अतिसावधपण वाटेल. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन सैन्याच्या बेरेटा पिस्तुलांच्या काही स्लाइड तुटून मागचा तुकडा झाडणाऱ्याच्या तोंडावर आला होता. नंतर ९२ एफएस प्रकारात घोड्याच्या (हॅमरच्या) पिनेचं डोकं मोठं करण्यात आलं, म्हणजे स्लाइड तुटली तरी मागे उडू नये. कारणांवर बराच वाद झाला, आणि त्या वादात जास्त दाबाच्या काडतुसांचंही नाव आलं.

नवं पिस्तूल रुळवावं लागतं का?

थोडं. पहिली गोष्ट, कारखान्यातून लावून आलेलं तेल बहुतेक वेळा गंजापासून बचावासाठी असतं, चालवण्यासाठी नाही. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे उघडा, पुसा, योग्य जागी तेल लावा. अपवाद आहेत: ग्लॉकच्या नव्या स्लाइडमध्ये तांबूस रंगाचं ग्रीस असतं, ते पुसू नका असं कंपनीच सांगते.

मग साध्या, पूर्ण दाबाच्या, गोल तोंडाच्या २०० गोळ्या झाडा. या काळात एखाद-दोन वेळा अडलं तर लगेच कंपनीच्या नावानं खडे फोडू नका. कोणत्या मॅगझिनमध्ये अडलं, कितव्या गोळीला आणि कसं अडलं एवढं लिहून ठेवा. नव्या माणसाच्या हातात तर बऱ्याचदा दोष पिस्तुलाचा नसून मनगटाचा असतो. मनगट सैल असेल तर फ्रेमच मागे जाते, स्लाइडला विरोध मिळत नाही आणि ती अर्ध्यावरून परतते. पिस्तूल दुसऱ्या अनुभवी हातात देऊन बघा. तिथे चाललं तर उत्तर मिळालं. तीन-चारशे गोळ्यांनंतरही अडत राहिलं तर मात्र परत पाठवा. 'अजून हजार मारा, सुटेल' हा सल्ला मला कधी पटला नाही.

खोक्यावर '९ मिमी' लिहिलंय. एवढं पुरे ना?

अजिबात नाही. ९ मिमी लुगर, ९ मिमी पॅराबेलम आणि ९×१९ ही एकाच काडतुसाची तीन नावं. गेऑर्ग लुगरच्या रचनेतलं हे काडतूस विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. पण ९ मिमी कुर्त्स म्हणजे ९×१७, ज्याला .३८० एसीपी म्हणतात, ते आखूड आणि कमी दाबाचं. ९ मिमी मकारोव्ह म्हणजे ९×१८, आणि त्याची गोळी जरा जाडसुद्धा आहे. नाव सारखं, काडतूस वेगळं.

नळीवर किंवा स्लाइडवर कोरलेलं वाचा आणि ते पुंगळीच्या बुडावरच्या अक्षरांशी जुळवा. केवळ खोक्यावर विसंबू नका, रेंजवर खोकी बदलतात. बुडावर वर्तुळात अधिकचं चिन्ह दिसलं तर ते नाटोच्या मानकाचं काडतूस. त्याचा दाब नेहमीच्यापेक्षा किंचित जास्त असतो. काही उत्पादक पुंगळीवर '+पी' कोरतात, त्याबद्दल पुढे.

११५, १२४, १४७ हे आकडे कशाचे? कोणता घ्यावा?

गोळीच्या वजनाचे, ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. त्या हिशेबानं ११५ म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम, १२४ म्हणजे आठ, आणि १४७ म्हणजे साडेनऊ ग्रॅम. हलकी गोळी जलद जाते, जड सावकाश. ११५ ची नेहमीची गती सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास, १४७ ची ३०० च्या आसपास. हवेत ध्वनीची गती २० अंश सेल्सियसला ३४३ मीटर आहे. त्यामुळे १४७ ध्वनीच्या खाली राहते आणि तिच्या आवाजात तो चाबकासारखा कडाका नसतो.

हाताला काय वाटतं? ११५ चा धक्का टोचरा आणि चटकन, १४७ चा ढकलल्यासारखा. 'पिस्तुलाला कोणती कमी झिजवते' असं विचारलंत तर नेहमीच्या दाबात तिघींमध्ये काळजी करण्यासारखा फरक नाही. फरक पडतो तो चालण्यात. काही नवी, घट्ट पिस्तुलं हलक्या ११५ वर कुरकुरतात आणि १२४ वर सुरळीत चालतात. म्हणून मी सुरुवात १२४ पासून करायला सांगतो. नंतर स्वस्त ११५ चालतंय असं दिसलं तर सरावाला तेच घ्या. नेम मात्र वजन बदलल्यावर पुन्हा तपासा, गोळी लक्ष्यावर थोडी वर-खाली लागते.

+पी काडतुसं रोज वापरली तर?

रोज नको.

अमेरिकेतल्या 'सामी' या उत्पादकांच्या संस्थेच्या मानकानुसार ९ मिमी लुगरचा कमाल दाब दर चौरस इंचाला ३५,००० पौंड, आणि +पी चा ३८,५००. म्हणजे दहा टक्के जास्त. ऐकायला थोडं वाटतं. पण त्यामुळे स्लाइड जास्त वेगानं मागे येते, आणि आपण वर बोललो ती स्प्रिंग लवकर थकते. पुस्तिकेत '+पी चालेल' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पिस्तूल फुटणार नाही एवढाच घ्या. झिजणार नाही, असं तिथे कोणी लिहिलेलं नसतं.

माझा हिशेब असा. सराव साध्या काडतुसांनी, आणि +पी वापरायचीच असतील तर चालतात की नाही हे बघण्यापुरती. जुन्या किंवा अगदी लहान पिस्तुलात ती घालूच नयेत. '+पी+' असं लिहिलेलं दिसलं तर आणखी सावध व्हा, कारण ९ मिमीत त्याला सामीचं कोणतंही मानक नाही. किती जास्त, ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

एफएमजे आणि होलो पॉइंट यांत काय निवडू?

एफएमजे म्हणजे शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचं पूर्ण आवरण, तोंड गोल. स्वस्त, आणि बहुतेक पिस्तुलं याच आकारावर उत्तम चालतात. सरावाला हेच.

होलो पॉइंटच्या तोंडाला खळगा असतो, त्यामुळे लागल्यावर गोळी फुलते आणि आरपार जाण्याची शक्यता कमी होते. म्हणून जिथे कायदा परवानगी देतो तिथे स्वसंरक्षणासाठी ती ठेवली जाते. १८९९ च्या हेग घोषणेनं युद्धात फुलणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरवल्या, आणि काही ठिकाणी नागरिकांवरही बंधनं आहेत. आपल्या परवान्यात काय बसतं हे आधी पाहा, मग दुकानात जा.

टिकाऊपणाशी याचा संबंध कमी, पण विश्वासाशी बराच. रुंद, बोथट तोंडाची होलो पॉइंट काही पिस्तुलांच्या फीड रॅम्पवर (काडतूस ज्यावरून चेंबरमध्ये चढतं त्या उतारावर) अडते. दोनशे एफएमजे सुरळीत गेल्या म्हणून होलो पॉइंटही जातील असं नाही. जे काडतूस भरून ठेवणार, त्याच कंपनीची, त्याच वजनाची निदान शंभर तरी झाडून बघा, आणि प्रत्येक मॅगझिनमधून. महाग पडतं, कबूल. पण न तपासलेलं काडतूस भरून ठेवणं म्हणजे पिस्तूल नाही, नुसता आशावाद.

स्टीलच्या पुंगळीची स्वस्त काडतुसं पिस्तूल खातात का?

थोडं खरं, बरंच वाढवून सांगितलेलं. पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि परत आकसतं. स्टील तितकं फुगत नाही. त्यामुळे थोडा वायू मागे सुटतो आणि चेंबरमध्ये काजळी साचते. दिवसभर स्टील झाडून लगेच पितळी काडतुसं घातली तर ती त्या काजळीत घट्ट बसतात, आणि मग लोक पितळाला शिव्या देतात. मध्ये चेंबर पुसून घ्या, संपलं. एक्स्ट्रॅक्टरवर (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्यावर) थोडा जास्त ताण येतो. तो भाग सुटा मिळतो आणि बदलता येतो.

बऱ्याच स्वस्त काडतुसांत गोळीचं आवरणही आत स्टील आणि वर तांबं असं असतं. चुंबक लावून बघा, चिकटेल. अनेक रेंजवर ती चालत नाहीत, कारण ठिणग्या उडतात आणि मागची गोळ्या अडवणारी भिंत खराब होते.

ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या चालतात. त्या फक्त पुन्हा भरता येत नाहीत.

नुसत्या शिशाच्या गोळ्या?

आधी नळीत डोकवा. आतल्या खाचांना ठसठशीत कडा असतील तर नेहमीची नळी आहे. कडांऐवजी गोलसर बहुकोनी वळणं दिसली तर ती पॉलिगोनल नळी, आणि अशा नळीचे उत्पादक सहसा उघड्या शिशाला मनाई करतात. शिसं आत साचतं, वाट अरुंद होते, दाब चढतो. साध्या नळीतही शिसं जास्त घासावं लागतं. तांब्याचा मुलामा किंवा कडक लेप असलेल्या गोळ्या मधला मार्ग आहेत.

जुन्या साठ्यातली सैनिकी काडतुसं स्वस्तात मिळाली. घ्यावीत?

घ्या, पण त्याच दिवशी पिस्तूल धुण्याची तयारी असेल तरच. जुन्या अनेक काडतुसांच्या प्राइमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडावरच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. तो हवेतली ओल ओढतो आणि पोलादाला गंज चढवतो. गंमत अशी की तेलात मीठ विरघळत नाही. माणूस मनापासून तेल-ब्रश करतो, नळी चमकते, आणि मीठ तेलाखाली तसंच राहतं.

माझ्याकडे एकानं असंच 'साफ केलेलं' पिस्तूल आणलं होतं, रेंजनंतर चौथ्या दिवशी. नळीतून पांढरी चिंधी ओढली तर ती विटकरी रंगाची निघाली. खाचांच्या कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. ते परत भरत नाहीत. उपाय पाण्याचा आहे: गरम पाण्यानं नळी, चेंबर आणि स्लाइडचं तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, मग तेल. पाण्याला घाबरून चालत नाही.

पुन्हा भरलेली काडतुसं वापरू का?

स्वतः शिकून, वजनकाट्यानं, स्वतःसाठी भरली असतील तर तो तुमचा निर्णय. दुसऱ्यानं घरी भरलेली, पिशवीतून मिळालेली काडतुसं मी स्वतःच्या पिस्तुलात घालत नाही. पिस्तुलाच्या पुंगळीत दारूला लागते त्याहून बरीच जागा असते. चुकून दुप्पट पडली तरी ती मावते आणि बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय अशा काडतुसांनी नुकसान झालं तर बहुतेक कंपन्या हमी नाकारतात.

रोज रात्री पिस्तूल रिकामं करतो, सकाळी तेच काडतूस परत चढवतो. काही बिघडतं?

हो, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. काडतूस दर वेळी फीड रॅम्पवर आपटतं आणि गोळी पुंगळीत किंचित आत सरकते. आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्यानं वाढतो. ९ मिमीसारख्या छोट्या पुंगळीत अगदी थोडं सरकणंही धोक्याचं.

त्याच खोक्यातलं न वापरलेलं काडतूस काढा. दोन्ही सपाट काचेवर बुडावर उभी करा आणि वर एक पट्टी आडवी ठेवा. पट्टी एका बाजूला कलली तर बुटकं झालेलं काडतूस बाजूला ठेवा आणि नियमानुसार नष्ट करायला द्या. झाडून संपवू नका. आणि चढवायचीच सवय असेल तर दर वेळी काडतूस बदला, एकालाच रोज वेठीला धरू नका.

मॅगझिन भरून ठेवलं तर त्याची स्प्रिंग मरते का?

चांगल्या स्प्रिंगला नुसतं दाबून ठेवल्यानं फारसं काही होत नाही. ती थकते पुन्हा पुन्हा दाबून-सोडून. त्यामुळे कपाटात भरलेलं मॅगझिन सरावातल्या मॅगझिनपेक्षा जास्त जगतं. मॅगझिनचे खरे शत्रू म्हणजे भरलेलं असताना काँक्रीटवर पडणं (वरच्या ओठांचा आकार बिघडतो) आणि आत गेलेली माती. प्रत्येकाच्या बुडावर रंगानं आकडा घाला. पिस्तूल बिघडलंय म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं खरं तर एक मॅगझिन बिघडलेलं असतं.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही. किंवा नुसतं 'फुस्स' झालं.

दोन वेगळ्या गोष्टी.

काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवा, हलू नका, किमान ३० सेकंद थांबा. प्राइमर उशिरा पेटू शकतो. मग काडतूस बाहेर काढा. प्राइमरवर खोलगट ठसा असेल तर काडतूस वाईट. ठसा उथळ असेल तर फायरिंग पिनेच्या (प्राइमरवर आपटणाऱ्या सुईच्या) वाटेत तेल-काजळीचा चिखल झाला आहे का ते बघा. ती वाट कोरडीच हवी.

'फुस्स' झालं, धक्का नेहमीपेक्षा मऊ आला, तर लगेच थांबा. पुढची गोळी झाडू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फुटते. पिस्तूल रिकामं करा, उघडा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. स्पर्धेच्या धांदलीत माणूस सवयीनं स्लाइड ओढतो आणि पुन्हा चाप दाबतो. म्हणून मी शिकवताना हा मऊ आवाज कसा असतो ते आधी सांगून ठेवतो.

साफसफाई आणि तेल किती?

लोक तेल जास्त आणि चुकीच्या जागी घालतात. रुळांवर, नळी स्लाइडला घासते तिथे, आणि नळीच्या माथ्यावर एकेक थेंब पुरतो. चेंबर, मॅगझिनचं पोट आणि फायरिंग पिनेची वाट कोरडी ठेवा. नळी जमेल तर मागून पुढे घासा. झाल्यावर हात साबणानं धुवा आणि तोवर काही खाऊ-पिऊ नका. धुरात आणि काजळीत शिसं असतं, ते दिसत नाही.

रिकामं पिस्तूल नुसतंच 'खट्' करून सराव केला तर?

बहुतेक आधुनिक ९ मिमी पिस्तुलांना काही होत नाही. .२२ रिमफायरला (ज्याच्या काडतुसाची बुडाची कड ठोकली की ते पेटतं) होतं, तिथे पिन चेंबरच्या कडेवर आदळते. जुन्या पिस्तुलांत आणि रोजच्या सरावात नकली काडतूस घाला. खरी काडतुसं त्या खोलीतच नकोत.

काडतुसं कशी ठेवू? किती वर्षं चालतात?

थंड, कोरड्या, कुलुपाच्या जागी. चांगली कारखानी काडतुसं अशी ठेवली तर दशकं चालतात. ऊन-थंडीचे फेरे आणि ओल त्यांना मारतात, म्हणून गाडीच्या कप्प्यात नको. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. काडतुसांना तेल लावू नका, भेदक तेलं प्राइमरच्या कडेनं आत शिरतात. हिरवट डाग पडलेली, चेपलेली, गोळी हलणारी बाजूला काढा.

तुम्ही वही ठेवायला सांगता. त्यात लिहायचं काय?

तारीख, किती झाडल्या, कोणत्या कंपनीचं कोणतं वजन, मॅगझिनचा आकडा, काय अडलं. स्प्रिंग बदलली की लाल शाईनं. एका माणसाच्या वहीतलं पान अजून डोळ्यांसमोर आहे. 'एकूण ३,९००. १२४ एफएमजे, १००. मॅ. १: ठीक. मॅ. २: ठीक. मॅ. ३: स्लाइड पूर्ण बंद झाली नाही, दोनदा.' पुढच्या पानावर '४,०५०. ११५ एफएमजे, १५०. मॅ. १: तेच, एकदा. मॅ. ३: तेच, तीनदा. पुंगळ्या लांब पडतायत.' तो पिस्तूल विकायला निघाला होता. आम्ही रिकॉइल स्प्रिंग बदलली आणि तीन नंबरच्या मॅगझिनचे ओठ तपासले. एक ओठ वाकला होता. पुढची नोंद लाल शाईत: '४,०५०. नवी स्प्रिंग. मॅ. ३ बाद.' त्याखाली निळ्या शाईत २०० गोळ्या, आणि अडल्याच्या रकान्यात एक आडवी रेघ.